ज्याची टोपी त्यालाच!

सायकलची साखळी पडली तर ती हातात घेण्याऐवजी सायकल हातात धरून दुकान गाठणारा मी माणूस. पेशा मराठी शिकवण्याचा. घरातला मिक्सर बंद पडला की आमच्या सौ. माझ्याकडे पाहतसुद्धा नाहीत. सरळ शेजारच्यांच्या मुलाला हाक मारतात. अशा माणसाने इंजिनात पिस्टन कसा बसवावा यावर लेख लिहिला, हे कळल्यावर ओळखीची मंडळी हसतील. त्यांनी खुशाल हसावे. परंतु गेल्या उन्हाळ्यात नाशिकला द्वारकेजवळच्या एका गॅरेजात लाकडी खोक्यावर बसून मी दोन दिवस एका इंजिनाची पुन्हा बांधणी पाहिली. तिथे एका लोखंडी टोपीचे रहस्य मला उलगडले. त्या टोपीचा हिशेब माझ्या नावावर 1998 सालापासून थकलेला होता. तो कसा फिटला, ते सांगण्यासाठी हा खटाटोप.

दट्ट्या आणि दांडा

प्रथम पात्रपरिचय करून देतो. मराठीत पिस्टनला ‘दट्ट्या’ असा फर्मास शब्द आहे. काम होईनासे झाले की आपण एखाद्याच्या मागे दट्ट्या लावतो, तोच हा. कनेक्टिंग रॉडला पुस्तकी मराठीत संयोगदांडा म्हणतात. गॅरेजातल्या पहिल्या दिवशी मी हे दोन्ही शब्द वापरून पाहिले. ‘दट्ट्या’ मिस्त्रींना एकदम पसंत पडला. ‘संयोगदांडा’ म्हणताच मात्र पोऱ्याने आतून एक दांडके आणून माझ्या हातात दिले! तेव्हापासून मी मुकाट्याने ‘रॉड’ म्हणू लागलो.

ही जोडी काय काम करते, ते पाहायला गॅरेजात जायचे कारण नाही. आईचे किंवा आजीचे पायाने चालवायचे शिवणयंत्र आठवा. पाय पायटा वर-खाली करतो आणि चाक गोल फिरते. या दोहोंच्या मध्ये एक उभी काडी असते. खालचे टोक पायट्याला, वरचे टोक चाकाच्या मध्यापासून जरा बाजूला. वर-खालीचे गोल करून देणारी ती काडी म्हणजेच कनेक्टिंग रॉड. इंजिनात पायाच्या जागी पिस्टन असतो आणि चाकाच्या जागी क्रँक. युक्ती इतकी साधी, पण तिच्यासाठीही माणसे भांडली आहेत. 1780 साली जेम्स पिकार्ड या इंग्रजाने वाफेच्या इंजिनाला क्रँक जोडण्याचे पेटंट घेतले आणि जेम्स वॉटसारख्या थोर यंत्रज्ञाला ती सरळ वाट सोडून दातेरी चाकांचा द्राविडी प्राणायाम करावा लागला.

पुढे 1897 साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेलने आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले. या इंजिनात ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्याही पुढे तापते, आणि त्या हवेत तेलाचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. आमच्या नाशिकला सातपुरात हे फवारे सोडणारे नोझल आणि इंजेक्टर बनवणारा मोठा कारखाना आहे. जुनी माणसे त्याला अजून ‘मायको’च म्हणतात, आता त्याचे नाव बॉश आहे.

महाराष्ट्राच्या विहिरींवर डिझेल इंजिन आले, त्यात किर्लोस्करांचा वाटा फार मोठा. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुळात मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवणारे मास्तर. 1910 साली औंध संस्थानातल्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांच्या गळी ते नांगर उतरवता उतरवता त्यांच्या नाकी नऊ आले. 1946 साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला या घराण्याचे दुहेरी कौतुक वाटते. 1920 साली कारखान्याचे पत्रक म्हणून निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ पुढे घरोघर वाचले जाणारे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्याच्या पाठोपाठ 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ आले. एकाच घराने विहिरीला इंजिन दिले आणि माजघराला मासिक! आमच्या निफाड तालुक्यातल्या मळ्यात या दोन्ही वस्तू होत्या. मासिकांचे जुने गठ्ठे माळ्यावर आणि इंजिन विहिरीवर.

तीन टनांचा ठोसा

या जातीच्या इंजिनांत किर्लोस्करांचे ‘एव्ही-वन’ हे पाच हॉर्सपॉवरचे, एका सिलिंडरचे इंजिन नामांकित. त्याचे आकडे पाहण्याजोगे आहेत. सिलिंडरचा व्यास 80 मिलिमीटर, म्हणजे चहाच्या बशीहून लहान. पिस्टनची धाव 110 मिलिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. पण वेग मिनिटाला 1500 फेऱ्यांचा. एका फेरीत पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो. म्हणजे मिनिटाला 3000 धावा, आणि प्रत्येक धावेच्या शेवटी क्षणभर संपूर्ण थांबून उलटे फिरणे आलेच. चारांतली एक धाव तेवढी स्फोटाची, म्हणजे सेकंदाला साडेबारा स्फोट. स्फोटाचा दाब चौरस सेंटिमीटरला 60 किलो धरला तर पिस्टनच्या डोक्यावर सुमारे 3000 किलोंचा ठोसा बसतो. लासलगावच्या बाजारातल्या पन्नास किलोंच्या साठ गोण्या एकदम डोक्यावर पडाव्यात, तसा. आणि हे सेकंदाला साडेबारा वेळा!

ठोसा रॉड सहन करतो. तो त्यासाठीच घडवलेला असतो. खरी परीक्षा असते ती वर गेलेल्या पिस्टनला मागे ओढण्याची. धावत्या घोड्याला लगाम खेचून उलटा वळवावा, तसे ते काम. पिस्टन आणि त्याच्याबरोबर वर-खाली होणारा रॉडचा भाग मिळून किलोभर धरले, तरी प्रत्येक उलट वळणाला दीडशे किलोंहून अधिक ओढ बसते. ही ओढ झेलतो कोण? रॉडच्या खालच्या टोकाला, क्रँकला मिठी मारून बसलेला लोखंडाचा एक अर्धगोल तुकडा आणि त्याचे दोन बोल्ट. या अर्धगोल तुकड्याला म्हणतात कॅप. म्हणजे आपली टोपी.

1998 सालचा मार्च

आता माझी गोष्ट सांगतो. मी तेव्हा बी.ए.च्या वर्गात होतो आणि शनिवार-रविवारी घरी जात असे. मळ्यात वीज आलेली होती, पण ती रात्री-अपरात्री येई आणि न सांगता जाई. उन्हाळ कांदा पोसण्याच्या दिवसांत भरवसा तो इंजिनाचाच. आमचे इंजिन वर सांगितले त्याच बेताचे होते. त्या वर्षी ते निळा धूर सोडू लागले आणि ऑइल खाऊ लागले. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावातल्या फिटरकाकांना बोलावले. काकांनी इंजिन उघडले, नव्या रिंगा घातल्या, पिस्टन बसवला, वरचे हेडही चढवले. टोपीचे बोल्ट मात्र त्यांना ताणलेले वाटले. ते काढून नमुन्यादाखल घेऊन ते पिंपळगावला गेले. दुपारी नवे बोल्ट घेऊन परतले, तोच घरून निरोप आला की मुलगी तापाने फणफणली आहे.

“बोल्ट ठेवून जातो,” काका मला म्हणाले, “सकाळी येऊन कॅप मी लावीन. तोवर हात लावू नको, बरं का!”

नाना बाजाराला गेले होते. समोर सुकलेले वाफे दिसत होते. टोपी रॉकेलच्या ताटलीत पडलेली. दोन बोल्ट आणि एक अर्धगोल तुकडा, यात ते काय कठीण? मी बाजूच्या झाकणातून हात घातला, टोपी चढवली, बोल्ट अंगच्या जोराने आवळले. हँडल फिरवून पाहिले. जड लागले. नव्या रिंगा आहेत, जड लागणारच, अशी मी आपली समजूत घातली. इंजिन सुरू झाले! पाटाला पाणी आले, आणि मला आपण केवढे यंत्रविशारद आहोत असे वाटू लागले.

तास-दीड तास गेला असेल. आधी ठक्‌ठक्‌ असा आवाज आला. मी विहिरीकडे धावलो, पण पोचण्यापूर्वीच बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि सारे शांत झाले. इंजिनाच्या पोटाला बशीएवढे भोक पडले होते आणि त्यातून वाकलेला रॉड बाहेर डोकावत होता.

काळोख पडल्यावर नाना आले. फिटर काम पुरे करून गेला, असेच ते समजले. मी काही बोललो नाही. सकाळी काका आले, तेव्हा नानांनी त्यांना नाही नाही ते सुनावले. काकांनी तुटका रॉड हातात घेतला, टोपी फिरवून पाहिली, एकवार माझ्याकडे पाहिले आणि हत्यारांची पिशवी उचलून ते निघून गेले. मजुरी न घेता. पुढे आमच्या मळ्यात त्यांना कोणी बोलावले नाही.

जुने इंजिन मिळवून ते बसवीपर्यंत दहा दिवस मोडले. कांदा पोसलाच नाही. त्या साली आमचा अर्धा माल गोल्टीच्या भावाने गेला. याची टोपी त्याच्या डोक्यावर घालणे हा वाक्प्रचार मी नंतर वर्गात कितीदा तरी समजावून सांगितला असेल. पण दर वेळी मला विहिरीवरची ती सकाळ आठवे.

गॅरेजातले सोवळे

त्या वेळी विकत घेतलेले जुने इंजिन आमच्या धाकट्या बंधूंनी आजवर सांभाळले. गेल्या उन्हाळ्यात तेही धूर ओकू लागले, तेव्हा ते नाशिकला आणले आणि मी रजा काढून त्याच्यासमोर जाऊन बसलो. मिस्त्री साठीच्या घरातले. कमी बोलणारे, पण विचारले तर नीट सांगणारे. मी टोपीची हकीकत त्यांना सांगितली नव्हती. नुसते पाहायचे आहे, एवढेच म्हणालो होतो.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती धुण्याची. नवा लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतली नळी, कागदाच्या वेष्टनातून निघाली होती. तरी त्यांनी ती गरम पाणी आणि साबण लावून घासली. मग पांढरे फडके आतून फिरवले. फडक्यावर करडा डाग आला. पुन्हा साबण, पुन्हा फडके. फडके स्वच्छ निघाले, तेव्हाच कोरडे करून लगेच ऑइलचा हात फिरवला; नाही तर घटकाभरात गंज धरतो.

“रॉकेलनं नाही का भागत?” मी विचारले.

“रॉकेलनं चिकटा जातो, सर. घासलेल्या लोखंडाची पूड तशीच राहते. ती पूड म्हणजे पॉलिश पेपरच. हजार तासांची झीज शंभर तासांत करते.”

आमच्या घरी सोवळ्याचा असा कडक आचार आजीनंतर मी इथेच पाहिला.

नंतर रिंगा. पिस्टन हा लायनरात सैलसरच बसतो; फट बंद करतात त्या त्याच्या अंगावरच्या खाचांतल्या लोखंडी रिंगा. कुकरच्या झाकणाला रबरी रिंग असते, तेच काम. फरक इतकाच की ही रिंग सलग नसते. बांगडी एका जागी कापावी तसे तिला तोंड असते. मिस्त्रींनी एक एक रिंग नुसतीच लायनरात ठेवली, पिस्टन उलटा धरून ती सरळ खाली ढकलली आणि तोंडाच्या फटीत फिलर गेजची पातळ पाती घालून फट मोजली. 80 मिलिमीटरच्या सिलिंडराला ही फट साधारण पाव ते एक-तृतीयांश मिलिमीटर हवी. का? तर 80 मिलिमीटर व्यासाच्या रिंगेचा घेर सुमारे 251 मिलिमीटर होतो आणि शंभर अंश तापली की ती पाव मिलिमीटरहून थोडी जास्तच लांबते. लायनरही फुगतो, पण रिंगेइतका तापत नाही. फट ठेवलीच नाही तर तोंडाला तोंड भिडते, रिंग लायनरात रुतते आणि इंजिन जाम. फट फार ठेवली तर दाब गळतो आणि ऑइल वर चढते.

रिंगेलाही वर आणि खाली असते. ज्या बाजूला खूण कोरलेली, ती बाजू वर. आणि सगळ्या रिंगांची तोंडे एका ओळीत येऊ द्यायची नाहीत. एकमेकींपासून दूर, गोलाकार वाटून द्यायची. “तोंडं एका रेषेत आली की गॅसला हमरस्ताच मिळाला,” मिस्त्री म्हणाले.

मग पिस्टन आणि रॉड यांचे लग्न. या लग्नातला खिळा म्हणजे गजन पिन. ॲल्युमिनियमचा पिस्टन त्यांनी गरम करून घेतला. तो जरा फुगला आणि एरवी ठोकूनही न जाणारी पिन अंगठ्याच्या दाबाने आत सरकली. दोन्ही टोकांना तारेच्या अर्धवट कड्या, म्हणजे लॉक, बसवले. जुने लॉक समोर पडले होते, चांगले दिसत होते. पण ते त्यांनी पोऱ्याकडून लांब फेकून दिले. खाचेत न बसलेला लॉक चालत्या इंजिनात निसटला तर पिन बाजूला सरकते आणि नव्या लायनराला नांगरल्यासारखे तास पडते.

या लग्नात वधूवरांची तोंडे कुणीकडे, हेही ठरलेले. पिस्टनच्या डोक्यावर बाण किंवा खूण असते; रॉडवरही असते. अनेक डिझेल इंजिनांत पिस्टनच्या डोक्यावरची वाटी एका अंगाला असते, कारण तेलाचा फवारा तिथे पडायचा असतो. पिस्टन उलटा बसला तर इंजिन चालू होईलही, पण तेल भलतीकडे पडेल, धूर होईल, आणि दोष कोणाचा हे शोधण्यात महिना जाईल.

लाकडी मुठीचा ठोका

पिस्टन लायनरात घालण्याचा सोहळा मी श्वास रोखून पाहिला. क्रँक फिरवून तिची मान सर्वांत खाली आणली. ज्या जातीच्या रॉडला बोल्ट आधीच लागलेले असतात, त्यांच्या आट्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवतात, म्हणजे आत जाताना त्या आट्या क्रँकच्या आरशासारख्या अंगाला ओरखडा काढत नाहीत. पिस्टन ऑइलमध्ये न्हाऊन निघाला. रिंगांभोवती पत्र्याचा पट्टा आवळला आणि फुगलेल्या रिंगा खाचांत दबल्या. मग हातोडा उलटा धरून त्याच्या लाकडी मुठीने टक्‌, टक्‌, टक्‌. पिस्टन इंचाइंचाने आत. मध्येच ठोक्याचा आवाज बदलला. मिस्त्री तत्काळ थांबले. पिस्टन बाहेर काढला, पट्टा पुन्हा आवळला. एक रिंग केसभर बाहेर डोकावली होती.

“आणखी एक ठोका दिला असता तर?” मी विचारले.

“गेला असता की आत! रिंग तुटून गेला असता. अडलं की थांबायचं, सर. जोर करायचा नाही, कारण शोधायचं.”

मला 1998 साली जड लागलेले हँडल आठवले. मी काही बोललो नाही.

टोपी

शेवटी टोपीची पाळी आली. टोपी आणि क्रँक यांच्यामध्ये बेअरिंगचे दोन अर्धे पातळ शेल असतात. त्यांची पाठ कोरडी ठणठणीत पुसायची, पोटाला मात्र ऑइल लावायचे. शेलच्या एका कडेला नखासारखे टोक असते; ते रॉडच्या आणि टोपीच्या खाचेत बसते. शेल आणि क्रँक यांच्यात फट ठेवायची ती मिलिमीटरच्या वीस भागांतला एखादा भाग. डोक्यावरचा केस याहून जाड भरेल. ती मोजण्यासाठी मेणासारख्या प्लास्टिकचा बारीक धागा क्रँकवर ठेवून टोपी आवळतात, पुन्हा काढतात आणि धागा किती चपटला ते मापाच्या पट्टीवर पाहतात. इतक्याशा फटीत ऑइलचा पदर राहतो आणि त्या पदरावर क्रँक तरंगत फिरते. लोखंडाला लोखंड लागतच नाही. इंजिन सुरळीत चालते, ते या पदराच्या जिवावर.

मिस्त्रींनी टोपी उचलून उजेडात धरली आणि कडेचा आकडा मला दाखवला. तोच आकडा रॉडच्या कडेलाही ठोकलेला.

“हे नंबर एकाच अंगाला आले पाहिजेत. शेलची नखंही एका अंगाला. नाही आली तर टोपी उलटी.”

“उलटी बसली तर काय होतं? दोन्ही अंगांनी सारखीच तर दिसते!”

“दिसते,” मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी सांगितले, ते इतकी वर्षे मला कोणी सांगितले नव्हते.

कारखान्यात रॉड घडवतात, तेव्हा टोपी रॉडला बोल्टांनी आवळतात आणि मगच दोघांमधून आरपार ते गोल भोक कोरतात. म्हणजे अर्धा गोल रॉडचा आणि अर्धा टोपीचा. पण गोल एकच. तो गोल खरा असतो तो त्याच जोडीत आणि त्याच दिशेने. पिस्टन दुकानातून नवा आणता येतो, रिंगा, शेल, बोल्ट, सारे पुडीत बांधून मिळते. एकाचे दुसऱ्याला चालते. यंत्रयुगाची करामतच ती. पण टोपी एकटी आणून चालत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात चार टोप्या एका ताटलीत मिसळल्या, तर त्या चार रॉडांना कशाही वाटून चालत नाही. जात्याची वरची तळी जशी आपल्याच खालच्या तळीवर बसते, तसे हे. टोपी उलटी बसली की दोन अर्ध्या गोलांच्या सांध्यावर डोळ्याला न दिसणारी पायरी पडते. ती पायरी ऑइलचा पदर फाडते. लोखंड लोखंडाला घासते, शेल तापून वितळू लागतो, क्रँकला चिकटतो, आणि दोन बोल्टांवर एरवीच्या कितीतरी पट ओढ येते. मग एक बोल्ट तुटतो. उरलेले काम रॉड स्वतःच करतो.

“हे किती वेळात होतं?”

“तास-दीड तास,” मिस्त्री शांतपणे म्हणाले.

त्यांनी टोपी चढवली. बोल्ट अंगच्या जोराने आवळले नाहीत. मापाचा टॉर्क पाना घेऊन, एकदा हा, एकदा तो, असे तीन फेऱ्यांत ठरलेल्या मापापर्यंत नेले. बोल्ट हा जरासा ताणलेल्या रबरासारखा असतो. कमी ताणला तर सुटतो, जास्त ताणला तर आतून थकतो. आणि दर फेरीनंतर त्यांनी क्रँक हाताने फिरवून पाहिली. मग मला म्हणाले, “तुम्ही फिरवा.” मी फिरवली. जड होती, पण तो जडपणा सगळीकडे सारखा होता. कुठे अडत नव्हती. जडपणाचेही दोन प्रकार असतात, हे माझ्या हाताला तेव्हा कळले.

हिशेब

पुढच्या रविवारी मळ्यात गेलो. 1998 सालचा तो वाकडा रॉड विहिरीवरच्या खोलीत अजून खिळ्याला टांगलेला होता. वाकलेल्या बोल्टाच्या आधाराने टोपी एका बाजूने त्याला तशीच लटकत होती. नानांनी तो का ठेवला होता कोण जाणे. गंज खरवडून मी आकडे शोधले. रॉडचा आकडा एका अंगाला, टोपीचा दुसऱ्या.

नानांना मी हे कधीच सांगितले नाही, आणि आता ते नाहीत. पण फिटरकाका आहेत. डोळ्यांना कमी दिसते, काम सुटले आहे. ओट्यावर बसले होते. मी रॉड त्यांच्यासमोर ठेवला आणि सारे सांगितले. त्यांनी बोटांनी चाचपून दोन्ही आकडे बरोबर शोधून काढले.

“तेव्हाच कळलं होतं मला,” ते म्हणाले.

“मग बोलला का नाहीत, काका?”

“तुझे नाना त्या सकाळी असे तापलेले! बोललो असतो तर तू मार खाल्ला असतास. इंजिन काही जुळून आलं नसतं.” मग थोडे थांबून म्हणाले, “आणि बोल्ट तुझ्यापाशी ठेवून गेलो मीच ना? खुली कॅप पोराच्या हवाली करून जायला नको होतं.”

मी खिशातले पाकीट काढले. त्या वेळची मजुरी किती ते मला आठवत नव्हते. त्यांना पैशासकट आठवत होती. त्यांनी तेवढीच मोजून घेतली आणि बाकीच्या नोटा माझ्या हातात परत दिल्या.

“आताचं इंजिन नंबर बघून बसवलं ना?”

“हो, काका.”

“हातानं फिरवून पाहिलंस?”

“पाहिलं.”

“मग झालं,” काका म्हणाले, आणि आत वळून सूनबाईंना चहा टाकायला सांगितला.